साधे समुद्री मीठ की कोरलचे मीठ? खान्देशातल्या टाकीसाठी एक तुलना

समुद्री माशांची टाकी घरात ठेवायचे ठरले, काचपेटी आणि दिवे आले, की जळगाव-धुळ्याकडचा हौशी माणूस प्रथम अडतो तो मिठाच्या बादलीपाशी. कृत्रिम समुद्री मिठांची नावे बाजारात पुष्कळ असली तरी निवड प्रत्यक्षात दोनच प्रकारांत करायची असते. एक प्रकार नैसर्गिक समुद्राच्या जवळ राहणारा, ज्याला आपण साधे मीठ म्हणू; आणि दुसरा कोरलसाठी, म्हणजे प्रवाळांसाठी म्हणून कॅल्शियम व क्षारता (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचे प्रमाण) मुद्दाम वाढवलेला. मी दोन्ही वापरलेली आहेत. नावे घेत नाही, कारण माझा अनुभव एखाद्या कंपनीबद्दलचा नसून प्रकाराबद्दलचा आहे.

आकडे थोडक्यात सांगतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४१० भाग) आसपास आणि क्षारता सुमारे ७ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) असते. साधे मीठ समुद्राएवढ्या, म्हणजे हजारात ३५ भागांच्या खारटपणाला विरघळवले की क्षारता साधारण ७ ते ८ मिळते, तर कोरलच्या मिठात ती ११-१२ पर्यंत आणि कॅल्शियम ४४० ते ४८० पर्यंत जाते. मॅग्नेशियम दोन्हींत बहुधा पुरेसे असते, त्यावरून निवड करण्याचे कारण मला दिसले नाही. सोडियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम या मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जगभरच्या समुद्रात जवळपास सारखेच राहते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमारने १८८४ मध्ये हे पक्के केले. म्हणूनच समुद्र बादलीत कोरडा करून विकता येतो.

या दोन प्रकारांखेरीज आणखी दोन पर्याय नातेवाईक हमखास सुचवतात. सुरतेहून पाणी का आणत नाही, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की तापी तिथे समुद्राला मिळते खरी, पण मुखाजवळचे पाणी गोड्या पाण्याने पातळ झालेले आणि खंबायतच्या आखाताच्या भरती-ओहोटीने ढवळून गढूळ झालेले असते. दुसरा पर्याय किराणा दुकानातल्या खड्याच्या मिठाचा. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी तळाशी बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर काढून टाकले जाते. म्हणजे खड्याच्या मिठात समुद्राचा मुख्य भाग आहे, पण माशांना आणि कोरलला लागणारा उरलेला भाग नाही.

आता मुख्य तुलना. कोरलच्या मिठाच्या बाजूने बोलण्यासारखे निश्चित आहे. कठीण सांगाड्याचे कोरल वाढताना पाण्यातले कॅल्शियम आणि क्षारता सतत ओढून घेतात, आणि अशा भरलेल्या टाकीत दर आठवड्याला पाणी बदलताना जर या दोन्हींची भर आपोआप पडत असेल, तर वेगळे डोस मोजून टाकण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. टाकी वातानुकूलित खोलीत असेल आणि मालक घरीच असेल, तर या मिठाने मला चांगली साथ दिली असती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

माझ्याकडे मात्र निर्णय एका त्रासाने केला, आणि तो म्हणजे पांढरा थर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो. गच्चीवरच्या टाकीतून आलेले, आरओमधून थेंबथेंब गळून ड्रममध्ये साठलेले पाणी घरातसुद्धा तिशीच्या वरच असते. अशा पाण्यात कोरलचे मीठ टाकून पंप लावून ठेवला की सुरुवातीला ते स्वच्छ होते, आणि काही तासांनी पुन्हा दुधाळ व्हायला लागते. सकाळी ड्रमच्या तळाशी पिठासारखा गाळ, पंपाच्या पंख्यावर खरखरीत कवच आणि भिंतींवर पांढरी पुटे दिसतात. कारण गुंतागुंतीचे नाही. पाणी तापले आणि हवेशी ढवळले गेले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, आणि कॅल्शियम कार्बोनेट हा क्षार उष्ण पाण्यात अधिक विरघळण्याऐवजी कमी विरघळतो. त्यामुळे जिथे क्षारता आणि कॅल्शियम दोन्ही मुद्दाम वाढवलेली आहेत, तिथेच तो आधी खाली बसतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलला जो थर धरतो, तोच हा.

पंप व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करता येतो, त्यामुळे घाणीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार हिशेबाची आहे. क्षारता २.८ डीकेएचने खाली आली की तिच्याबरोबर साधारण २० पीपीएम कॅल्शियमही बसते. म्हणजे १२ डीकेएच आणि ४५० कॅल्शियम असलेले पाणी रात्रभरात ८ डीकेएचवर आले, तर कॅल्शियम ४२० च्या आसपास उरते, आणि हे पाणी म्हणजे साध्या मिठाचेच पाणी झाले. दाम कोरलच्या मिठाचे, पाणी साध्या मिठाचे आणि फरक ड्रमच्या तळाशी, असा हा व्यवहार आहे. यात कॅल्शियमचा आकडा फारसा हलत नसल्यामुळे जो केवळ कॅल्शियमचे टेस्ट किट वापरतो, त्याला काही घडल्याचे कळतही नाही. म्हणून नव्या पाण्याची क्षारताच तपासावी, आणि ती मिसळल्यानंतर लगेच व दुसऱ्या दिवशी अशी दोनदा तपासावी.

कोरलचे मीठ बनवणारे स्वतःच सहसा सांगतात की पाणी फार तापवू नये आणि मिसळल्यावर काही तासांत वापरून टाकावे. ही सूचना योग्यच आहे, पण ती आपल्याला परवडते का, हा प्रश्न आहे. मुंबई-पुण्यात टाकीत अचानक अमोनिया (माशांच्या उत्सर्गातून येणारे विष) वाढला, तर पाणी बदलायला माणूस दुकानातून तयार खाऱ्या पाण्याचे कॅन आणू शकतो. चाळीसगाव किंवा शहाद्याला राहणाऱ्याला ती सोय नाही. आपल्याकडे मिसळलेल्या खाऱ्या पाण्याचा एक ड्रम घरात कायम तयार असणे हाच टाकीचा विमा आहे. साध्या मिठाचे पाणी झाकण लावून, अधूनमधून ढवळत ठेवले तर माझ्याकडे आठवड्यांनंतरही क्षारतेत लक्षात येण्याजोगा फरक पडलेला नाही. कोरलच्या मिठाचा ड्रम असा भरून ठेवणे मला जमले नाही.

आणखी एक लहान मुद्दा. टाकीतली क्षारता ८ असताना १२ चे पाणी ३० टक्के बदलले, तर एका झटक्यात ती १.२ डीकेएचने वर जाते. माशांना त्याचे काही वाटत नसावे, पण काही कोरल अशा उड्यांनी मिटून बसतात, असे मी पाहिले आहे. साध्या मिठाने क्षारता जागच्या जागी राहते आणि कोरल वाढले की हवी तेवढी भर खाण्याच्या सोड्याने आणि कॅल्शियम क्लोराइडने, वेगवेगळ्या वेळी, हळूहळू घालता येते. हे काम थोडे कटकटीचे आहे, पण त्यावर ताबा आपला राहतो.

मीठ कोणतेही घेतले तरी मिसळण्याची पद्धत महत्त्वाची आहे. पाणी आधी भरावे, पंप सुरू करावा आणि मग मीठ मूठमूठ सोडावे. मिठावर पाणी ओतले तर तळाशी काही क्षण अतिशय घट्ट द्रावण तयार होते, आणि साधे मीठही तिथे गाळ धरते. लिटरला साधारण ३६ ते ३९ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला पावणेदोन ते दोन किलो मीठ लागते. आमच्याकडे हे काम पहाटे होते, कारण तेव्हा पाणी त्यातल्या त्यात गार असते आणि वीजही सहसा जात नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी मात्र तपासल्याशिवाय घेऊ नये. पिण्याला चव यावी म्हणून त्यातल्या टीडीएस कंट्रोलरने (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपेने) थोडे कच्चे पाणी परत मिसळलेले असते, आणि बोअरच्या भागात तेवढेही पुरेसे वाईट ठरते. त्या यंत्राचा तो मार्ग बंद करून पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची नळी बसवली की काम भागते.

ज्याची टाकी माशांची आणि मऊ कोरलची आहे, त्याने साधे मीठच घ्यावे, असे मला वाटते. कठीण कोरलांनी भरलेली टाकी, थंड खोली आणि मिसळल्याच्या दिवशीच पाणी बदलण्याची शिस्त, या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला दुसऱ्या बादलीचा मोह आवरण्याचे कारण नाही. फक्त तशी माणसे आपल्याकडे मला कमी भेटली.

खरेदी उन्हाळ्यातच करावी आणि मोठी बादली घ्यावी, कारण ट्रान्सपोर्टचे भाडे पिशवीपिशवीला मोजण्यात अर्थ नाही. प्रवासात बारीक आणि जाड कण वेगळे होतात, म्हणून उघडण्यापूर्वी बादली आडवी करून चांगली लोळवावी. मृगाचा पाऊस लागला की मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतला ओलावा ओढतात आणि ढेपा होतात. अशी ढेप फोडून वापरता येते, मात्र वजनात पाणीही मोजले गेलेले असते. तेव्हा काट्यावर न विसंबता रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजण्याचे उपकरण) ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा आणि तो सांगेल तेवढे मीठ वाढवावे. ढेप विरघळूनही पाणी दुसऱ्या दिवशी दुधाळच राहिले, तर उरलेली बादली टाकीसाठी वापरू नये.