फिल्म-मीडियाचा कोर्स करून बसलेय, खरं खरं सांगते

कॉलेजात जाऊन फिल्म शिकायची गरज काय, सगळं तर फ्री व्हिडिओत मिळतं, हा प्रश्न इतक्यांदा येतो ना की म्हटलं एकदाच लिहून टाकावं. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे शिकलेल्यांशी बोलले तर रडगाणी सगळ्यांची सेमच निघाली. पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी राग काढून घेते. पहिलं सेमिस्टर निम्मं एडिटिंग सॉफ्टवेअरच्या बटणांत गेलं, इथे क्लिक करा, तिथे ड्रॅग करा, आणि आम्ही पास होईपर्यंत त्याचा अख्खा लेआउटच बदलला. यासाठी खरंच डिग्री लागत नाही, दाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन टाका आणि महिनाभर झटापट करा, येतं. गेस्ट लेक्चर म्हणजे पाहुणे दीड तास स्वतःचे सेटवरचे फोटो दाखवणार. आणि ती इक्विपमेंट रूम, देवा! ब्रोशरवर मिरवतात तो कॅमेरा असतो एकच आणि त्याच्यामागे अख्खा वर्ग. आम्ही रीतसर बुकिंग करून गेलो तर बॅटऱ्या चार्ज नाहीत, चार्जर कुठल्यातरी सीनियरच्या घरी, इकडे ॲक्टर मेकअप करून तयार, शेवटी प्रत्येक टेकनंतर कॅमेरा बंद करत करत एका बॅटरीवर सीन उरकला.

आता साडेतीन का ते.

आम्हाला एक एक्सरसाइज डिजिटलवर नाही, खऱ्या फिल्मच्या रोलवर करायला लावली, 16 एमएमवर. आधी खराब रोल घेऊन उजेड आत न येणाऱ्या काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालायचे आणि काही न दिसता नुसत्या बोटांनी मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याचा रोल ठेवायचा डबा, भरायचं, माझे हात घामाने इतके ओले की रोल सुटून आत सगळा गुंताच झाला. मग शूटला एका ग्रुपला 100 फुटांचा एकच रोल, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या स्पीडला जेमतेम पावणेतीन मिनिटं. रिटेक नाही, लगेच बघायला मिळत नाही, लाइट मीटर धरून आकडे लिहून घ्या. तोपर्यंत मी एका शॉटचे वीस-वीस टेक घेणारी बाई होते, त्या दिवशी शॉटआधी अर्धा तास आम्ही फक्त भांडलो की हा शॉट हवाच कशाला. असं घरी कोण करतं? स्वतःहून तर नाहीच.

थिअरी बोअर वाटली होती, खोटं कशाला बोलू. तो रशियन डिरेक्टर कुलेशॉव्हचा प्रयोग, नटाचा तोच कोरा चेहरा, पुढे कधी सूपचं भांडं कधी शवपेटी, आणि बघणाऱ्याला त्या चेहऱ्यात वेगवेगळे भाव दिसतात, परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले. मग एडिटला बसले तर आमच्या हिरॉइनची रडायची ॲक्टिंग काही केल्या खरी वाटेना. शेवटी ॲक्शन म्हणायच्या आधीचे चार सेकंद वापरले, ज्यात ती नुसती बसलेली, बहुतेक कंटाळलेली, आणि त्याला जोडला रिकाम्या खुर्चीचा शॉट. वर्गात दाखवलं तर सगळ्यांनी तिच्याच ॲक्टिंगचं कौतुक केलं, मी गप्प!

साउंडचं तर वेगळंच. डिरेक्टर सगळ्यांनाच व्हायचं असतं, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला कुणी तयार नाही, चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव आलं, आधी तोंड वाकडं केलं. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सेटवर एक मिनिट पुतळ्यासारखं उभं केलं, रूम टोन घ्यायला, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो रेकॉर्ड करायला. हेडफोन लावल्यावर कळलं की शांतता म्हणून काही नसतंच, ट्यूबलाइटची घरघर, कुणाच्या तरी जॅकेटची सळसळ, लांबून गाडी. पुढच्या प्रोजेक्टला घाईत तेच एक मिनिट घेतलं नाही तर डायलॉगच्या मधल्या जागा अशा मेल्यासारख्या ऐकू यायला लागल्या की बास, परत त्या खोलीत जाऊन रेकॉर्ड केलं. पण त्यानंतर वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक फिल्मवर मला बोलावणं यायला लागलं. डिरेक्टर ढीगभर होते हो, साउंडवाली मी एकटी.

आणि रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, दाखवायचा तास. माझी नऊ मिनिटांची फिल्म, मी मनातल्या मनात टाळ्या ऐकत होते, मॅडम म्हणाल्या आवाज बंद करून परत लाव. लावली. तिसऱ्या मिनिटाला मला स्वतःलाच कंटाळा आला. शेवटी साडेचार मिनिटांची झाली. यूट्यूबवर कमेंट मिळतात, असं समोर बसवून कुणी सोलत नाही, त्या एकट्या तासाचेच मी दोन स्टार देते.

ॲडमिशन घ्यायची असेल तर ब्रोशर ठेवा बाजूला आणि सरळ इक्विपमेंट रूममध्ये जा, तिथल्या माणसाला विचारा किती बूम माइक चालू आहेत, आणि थर्ड इयरवाल्यांना विचारा एडिट लॅब रात्री किती वाजता बंद होते. आमची आठला व्हायची.