राजम्याच्या रश्शात पाकिटातलं चिकन सॉसेज कितपत टिकतं

तालुक्याच्या गावात आईस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये हल्ली चिकन सॉसेजचं पाकीटही ठेवलेलं असतं. नाश्त्याला तळून खायला ते बरं. पण राजमा किंवा बरबटीच्या (चवळीच्या) दाट रश्शात, भाकरीसोबत पोटभर जेवण म्हणून ते चालतं का? चालतं. मात्र रश्शाला चव सॉसेज देईल या भरवशावर राहिलात तर पदार्थ फसतो.

याचं कारण सॉसेजच्या घडणीत आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या कासुले या पदार्थात कच्चं, जाडसर कुटलेल्या डुकराच्या मांसाचं सॉसेज पडतं आणि त्याची चरबी तासन्‌तास पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत मुरते. गोव्याच्या चोरीस सॉसेजमध्ये व्हिनेगर, मिरची आणि चरबी आधीच भरलेली असते, म्हणून तिथे वेगळा मसाला फारसा लागत नाही. पाकिटातलं चिकन सॉसेज मात्र बर्फाच्या पाण्यासोबत अगदी बारीक वाटलेल्या मांसाचं, कारखान्यातच शिजवलेलं असतं. त्यात चरबी कमी, मीठ भरपूर, आणि बऱ्याच पाकिटांत स्टार्च किंवा सोयाही. ते रश्शाला मीठ सोडून जवळपास काहीच देत नाही. म्हणून रस्सा सॉसेजशिवायच चवदार व्हायला हवा.

चार-पाच माणसांसाठी २५० ग्रॅम कोरडे दाणे आणि २५० ग्रॅम सॉसेज पुरतं. दाण्यांत आमची पसंती गावच्या बरबटीला. साल पातळ, माल त्याच हंगामाचा, शिजायला सोपा. दुकानातला राजमा किती जुना आहे ते कळत नाही, आणि विदर्भाचा एक उन्हाळा डब्यात काढलेला राजमा कितीही शिट्ट्या दिल्या तरी आतून कडक राहू शकतो. सुरकुतलेले, फुटक्या सालीचे दाणे दिसले तर ते घेऊ नका.

राजमा १० ते १२ तास, बरबटी ६ तास भिजवा. भिजवण्याच्या एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घाला. मिठाने दाणे शिजत नाहीत हा समज चुकीचा आहे. उलट साल मऊ होते. दाणे अडवतो तो टमाटर, कारण आंबटपणात सालीतलं पेक्टिन (तिला घट्ट धरून ठेवणारा घटक) विरघळत नाही. टमाटर दाणे शिजल्यावरच. दुसरा शत्रू जड पाणी. बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसत असेल, किंवा गाव अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असेल, तर शिजवायला आरओच्या कॅनचं पाणी घ्या. ते नसेल तर खायचा सोडा, पण चमच्याचा आठवा भागच. जास्त झाला की रश्शाला साबणासारखी चव येते आणि दाण्यांचा लगदा होतो.

भिजवलेलं पाणी फेकून द्या. कुकरमध्ये दाण्यांच्या वर दोन बोटं नवं पाणी, एक शिटी मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर राजम्याला २० मिनिटं, बरबटीला ५-६. वाफ आपोआप उतरू द्या. राजम्याची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी अशी आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते मरायला निदान १० मिनिटं खळखळ उकळी लागते. चुलीच्या विझत्या निखाऱ्यावर गंज (पातेलं) रात्रभर ठेवून तो मऊ झाला तरी सुरक्षित होत नाही; काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. कुकर असेल तर ही काळजी नाही.

दाणे शिजेपर्यंत चुलीच्या निखाऱ्यात लसणाचा एक अख्खा गड्डा आणि तीन टमाटर साल काळी होईपर्यंत भाजा. धुरावलेल्या सॉसेजची जी चव या पाकिटात नाही, ती इथून येते. गॅसवर जाळी ठेवूनही जमतं, पण निखाऱ्याची सर नाही. मग गंजात तीन मोठे चमचे फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, जिरं, दोन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस होईपर्यंत. त्यावर अर्धा चमचा वायगावची हळद, दोन चमचे भिवापुरी तिखट, सोललेला लसूण आणि टमाटर ठेचून. तेल सुटलं की दाणे त्यांच्या पाण्यासकट टाका. एक पळीभर दाणे गंजाच्या कडेला घोटा, रस्सा आपसूक दाट होतो. बेसन लावायची गरज नाही.

सॉसेज कुकरमध्ये टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी फुगतं, फुटतं, मग पाणी सोडून आकसतं आणि चावायला रबरासारखं होतं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून बर्फ उतरवा, कपड्याने कोरडं पुसा, दोन बोटं लांबीचे तिरपे तुकडे करा आणि बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात ४-५ मिनिटं परता. ओलं टाकलं तर तांबूस होतच नाही, नुसतं वाफवतं. तव्याला चिकटलेला तपकिरी थर अर्ध्या वाटी पाण्याने खरवडून रश्शात घाला. सॉसेजकडून रश्शाला जे काही मिळायचं ते यातच आहे. तुकडे शेवटच्या ८ मिनिटांत, मंद आचेवर. मीठ त्यानंतरच चाखून. वरून सांभार (कोथिंबीर).

पाकीट घेताना मांसाचं प्रमाण आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक वाचा. मांस जितकं जास्त, तितकं परतायला बरं. आत बर्फाचे खडे साचलेले असतील किंवा सगळी सॉसेज एकमेकांना चिकटून गोळा झाली असतील, तर माल बहुधा एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. लाइट जाणाऱ्या भागात हे तपासणं चुकवू नका. घरी नेताना थर्माकोलचा डबा आणि बर्फ सोबत ठेवा. मे महिन्यात तासाभराच्या गाडीप्रवासात नुसत्या पिशवीतलं पाकीट मऊ पडतं. ते तसं झालंच तर पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका, त्याच दिवशी शिजवा. आणि एका वेळच्या रश्शापुरतंच, २५० ग्रॅमचं पाकीट मिळालं तर तेच घ्या.