डी-बस की साधे युनिक्स सॉकेट?

लिनक्स डेस्कटॉपसाठी छोटा म्युझिक प्लेअर लिहिणाऱ्या एका मित्राने विचारले, की समोरची खिडकी आणि मागे गाणे वाजवणारी प्रोसेस यांनी डी-बसवरून (प्रोग्रॅममधले संदेश पोहोचवणाऱ्या सामाईक यंत्रणेवरून) बोलावे, की थेट युनिक्स सॉकेटवरून (एकाच संगणकावरच्या प्रोसेसमधल्या थेट जोडणीवरून)?

वेगात सॉकेट उजवे ठरते, कारण डी-बसवर प्रत्येक संदेश आधी मधल्या डीमनकडे (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जातो आणि मगच पलीकडे पोहोचतो. उत्तरही त्याच वळणाने परतते. ‘पुढचे गाणे’ एवढेच सांगायचे असेल तर हा फरक जाणवतही नाही, पण ध्वनिलहरींचा आलेख सतत पाठवायचा असेल तर जाणवू लागतो.

डी-बसमुळे प्रोग्रॅम विनाकारण जड होतो, फुगतो, अशी तक्रार असते; पण या फुगवट्याचा दोष सरसकट डी-बसच्या माथी मारणे मला पटत नाही. सॉकेट घेतले की संदेशाची रचना, आवृत्त्यांची सुसंगती आणि तुटलेली जोडणी पुन्हा जुळवणे हे सारे स्वतः लिहावे लागते, आणि प्रत्येक प्रोग्रॅमने ते वेगवेगळे लिहिले की तोही फुगवटाच. डी-बसवर मागणी येताच सेवा आपोआप सुरू होऊ शकते; सोय खरी, पण काम संपल्यावर ती बंद होण्याची व्यवस्था न केल्यास मेमरी अडवून बसते.

आपल्याच दोन प्रोसेसपुरते बोलणे असेल तर सॉकेट पुरे. डेस्कटॉपच्या पॅनेलवरूनही प्लेअर चालवायचा असेल, तर त्यासाठी रूढ असलेला एमपीआरआयएस इंटरफेस (प्लेअरला बाहेरून आज्ञा देण्याची ठरलेली पद्धत) डी-बसवरच असल्याने तोच घ्यावा.