पैसे जमा झाले, पण चेक वटलाच नव्हता

न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून पुण्याला परतायचं ठरलं, म्हणून जुनी गाडी विकायला काढली. किंमत ३,६०० डॉलर. एकाने घासाघीस न करता होकार कळवला. चार दिवसांनी कुरियरने कॅशियर्स चेक आला, तोही ५,३०० चा. 'गाडी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याचं भाडं त्यातच धरलंय, वरचे १,७०० त्याला झेलने (Zelle, फोनवरून लगेच बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवा.'

खटकलं होतं. पण कॅशियर्स चेक म्हणजे आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टचाच भाऊ. गिऱ्हाइकाकडून पैसे आधीच घेतलेले, सही बँकेची, देणं बँकेचं. तो परत येत नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. उजेडात धरला तर वॉटरमार्क दिसला. चेकवर छापलेला नंबर लावला, तर एका बाईने गोड आवाजात सांगितलं, "हो, चेक आमचाच आहे." मी शाखेत जाऊन भरला. दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे दिसले आणि मी १,७०० पाठवून मोकळी झाले.

अकराव्या दिवशी चेक परत आला. बनावट! माझ्या बँकेने ५,३०० वळते करून घेतले, वर दंड. पाठवलेले १,७०० गेले ते गेलेच. चेकवर जिचं नाव होतं त्या बँकेच्या वेबसाइटवरून खरा नंबर शोधून विचारलं, तर या क्रमांकाचा चेक त्यांनी काढलेलाच नव्हता. आधीचा नंबर ठगांचाच होता.

कृपा करून एवढं समजून घ्या. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यामुळे असा चेक काउंटरवर भरला, की बँकेला सहसा दुसऱ्याच कामाच्या दिवशी पैसे काढू द्यावे लागतात. चेक खोटा निघायला मात्र कित्येक आठवडेही लागू शकतात, आणि तोवर खर्च केलेले पैसे भरणाऱ्याच्याच अंगावर येतात. मी काउंटरवर "पैसे जमा झाले का?" एवढंच विचारलं होतं. "चेक काढणाऱ्या बँकेने ते दिले का?" हे विचारायला हवं होतं. आणि किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक तर हातातही घेऊ नका.

एफटीसीकडे (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकी सरकारी संस्था) आणि पोलिसांत तक्रार दिली आहे.

गाडी नंतर दुसऱ्या एका बाईंना विकली. त्यांच्याच बँकेत दोघी गेलो. काउंटरवर माझ्या नावाचा चेक माझ्यासमोर छापून निघाला, तेव्हाच मी टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली आणि किल्ली दिली.