फोटोवर मत कुठे घ्यावं: ग्रुपवर की प्रिंट काढून समोरासमोर?

"मामा, पातालपाणी धबधब्याचे फोटो ग्रुपवर टाकू, की प्रिंट काढून आणू?" भाचीने विचारलं.

खर्च आणि वेळ पाहिला तर ग्रुप सरस. पैसा लागत नाही, उत्तर लगेच येतं. पण ते बहुधा "मस्त!" आणि अंगठा. शिवाय व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, तुषारांमधला बारकावा तिथेच जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

८ बाय १२ इंचांची प्रिंट टेबलावर ठेवली की कललेलं क्षितिज, पांढरंफटक आभाळ काहीच लपत नाही. रविवारी तिची प्रिंट पाहताना मी आधी विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" "दरीची खोली." मग कोपऱ्यात घुसलेल्या फांदीवर बोट ठेवलं: नजर इथेच अडकते, दोन पावलं उजवीकडे सरकली असतीस तर? तिने सबबी सांगितल्या नाहीत, वहीत टिपून घेतलं. असं ऐकून घेणारं माणूस भेटलं की सांगणाऱ्यालाही नीट पाहावंसं वाटतं.

वीस फोटोंतून दोन-तीन निवडायचे असतील तर ग्रुप पुरे. इंदूरच्या एखाद्या प्रदर्शनात लावायचा असेल किंवा हात सुधारायचा असेल, तर प्रिंट काढ आणि सकाळी पोह्यांच्या वेळेला घरी ये.