काळ्या रंगाखाली दोन एमएम

बॉक्स पाइप, म्हणजे चौकोनी पोकळ पाइप, तीन एमएम जाडीचा आहे की दोनच्या, हे बाहेरून कळत नाही. टोकाला पत्र्याची टोपी वेल्ड करायची, वरून अंडरकोटिंगचा जाड काळा थर मारायचा, की गाडीखाली काय बसवलंय ते फक्त बसवणाऱ्याला माहीत. गाडीखाली आधाराची फ्रेम बसवून घेताना मला गंडवलं ते इथेच.

गाडी सेकंडहँड डस्टर, ऑल-व्हील ड्राइव्ह. आमची कलमं गुहागरजवळ सड्यावर आहेत आणि शेवटचा रस्ता म्हणजे उघडा कातळ आणि चिऱ्याच्या खाणीतली जुनी चाकोरी. हंगामात मागे पेट्या, वर कॅरियर. गाडीने कधी तक्रार केली नव्हती. टो-हूक बसवायला चिपळूणच्या अलीकडे हायवेवरच्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो, तर त्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “दादा, हिला चॅसीच नाय. नुसता पत्रा. कातळावर एक दिवस मधून मोडेल.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. थार, बोलेरो, जुनी जिप्सी यांना खाली वेगळी शिडीसारखी चॅसी असते आणि बॉडी तिच्यावर बसते. डस्टर मोनोकॉक. तिच्यात घडी घातलेल्या पत्र्याचे बंद रेल, खांब, फ्लोअर आणि छत मिळून भार घेतात, आणि हे सगळं स्पॉट वेल्डने जोडलेलं असतं. म्हणजे ‘नुसता पत्रा’ हे खोटं. पण जड ओढकाम आणि पिळा देणारा रस्ता असेल तर खालून आधाराची फ्रेम देणारे लोक जगभर आहेत, हेही खरं. ती फ्रेम कुठे आणि कशी जोडायची, यावर सगळं ठरतं. सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तिथे, रेलवर, दोन्ही बाजूंनी रुंद प्लेट देऊन भार पसरवायचा. पोकळ रेलमधून बोल्ट नेला तर आत नळी घालायची, नाहीतर बोल्ट आवळताना रेलच चेपतो आणि पुढे कितीही आवळा, ढिलाच.

हे सगळं त्याला येत होतं. कागदावर काढून दाखवलं, नळ्यासुद्धा काढल्या. पन्नास बाय पन्नास, तीन एमएम, वजनावर भाव, बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे मजबूत, डोक्यावर तो आकडा असलेले. व्हॉट्सॲपवर ‘३ एमएम हेवी टाकलाय दादा’ असा मेसेज आणि पाइपाचा फोटो. फोटोतला पाइप खरोखर तीनचा असेलही.

पाऊस सरला तेव्हा मागचा डावा दरवाजा चौकटीला घासू लागला. खड्ड्यात खालून ‘टक्’ असा आवाज, आणि काळ्या रंगातून तांबूस ओघळ. रत्नागिरीत जिपांवर हात काळे केलेले एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी रॅम्पवर घेतली. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका सांध्यावर फिरवलं. काळ्या रंगाखालून पांढरी पुट्टी निघाली, पुट्टीखाली वेल्डिंगचे नुसते टाके, मधे बोटभर जागा रिकामी. पुढचा सांधा तसाच. फ्रेमचे मागचे पाय रेलवर नव्हतेच, ते फ्लोअरच्या पातळ पत्र्यावर वेल्ड केले होते. पत्रा जळून भोकं पडली होती, ती सिलिकॉनने बुजवलेली. जस्ताचा मूळ थर वेल्डच्या उष्णतेने गेला, आणि खाऱ्या हवेला तेवढंच हवं असतं. बोल्टांच्या डोक्यावर कसलाही आकडा नव्हता. आत नळ्या नव्हत्या.

मग ग्राइंडरने एक टोपी उडवली. पाइपच्या आतल्या कडेला हिरवा ऑइलपेंट ओघळून सुकलेला. काका हसले, “बाबा, हे कोणाचं तरी गेट हाय.”

जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, दोनच्या आत-बाहेर. फ्रेम कापून काढली ती काजू बीच्या काट्यावर टाकली. तीन एमएमचा पन्नासचा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो, दोनचा तीन किलोच्या आत. आमचा आकडा दोनच्या बाजूला बसला. पैसे अर्थातच तीनचे घेतलेले. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणतो, “खारी हवा हाय दादा, लोखंड खाते.” एका पावसात चारही बाजूंनी एकसारखं एक एमएम खाऊन आत ऑइलपेंट लावून जाणारी हवा मी तरी ऐकली नाही.

असं काम कोणी करून घेणार असेल तर पाइप कापण्याआधी समोर काट्यावर घालायला लावा, कापल्यावर टोकाला व्हर्नियर लावा. वेल्डिंग झालं की रंग न मारता गाडी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. ‘रंगाशिवाय गाडी सोडत नाय’ म्हणणाऱ्याकडे काम देऊच नका. आरटीओचा प्रश्न वेगळाच आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करायला मोकळीक नाही. न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवू शकते. हे तो बोलला नव्हता, आणि बोलणारही नव्हता.

पावतीवर फक्त ‘फॅब्रिकेशन काम’ आणि रक्कम आहे, पाइपाचा उल्लेख नाही. तरी मेसेज, फोटो, व्हर्नियरसकट कापलेल्या टोकांचे फोटो आणि काट्याची चिठ्ठी असं सगळं ठेवलंय. वकिलांच्या मते जिल्हा ग्राहक आयोगाला एवढं चालेल. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तक्रारीचं कळल्यावर त्याचा निरोप आला. पैसे परत देणं जमणार नाही, पण बागेला गेट हवं असेल तर फुकट करून देतो.