जुन्या संगणकावर लिनक्स मिंट २२.२ : गुहागर तालुक्यातील एका घरचा अनुभव

आमच्या घरचा संगणक २०१३ सालचा आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची साधी हार्डडिस्क एवढाच त्याचा ऐवज आहे. त्याच्यावरचे कामही तसे बेताचेच, म्हणजे हंगामात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची लेबले, वाडीच्या मंडळाची मराठी पत्रे आणि अधूनमधून सातबारा किंवा बँकेचे खाते पाहणे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने तो मार्ग आम्हाला बंदच होता. चिपळुणात एका दुकानात चौकशी केली, तेव्हा नवा संगणक घेण्याचाच सल्ला मिळाला. चालते यंत्र माळ्यावर टाकायला मन होईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही संगणक चालवणारी प्रणाली बसवली. त्यानंतरच्या काही महिन्यांच्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला, आणि त्यावर उभ्या असलेल्या असंख्य प्रणालींपैकी मिंट ही २००६ पासून निघणारी एक. तिचा पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा आहे. २२.२ ही आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली आणि उबुंटू २४.०४ वर बेतलेली असल्याने तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. मिंटच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. दिसायला सिनॅमन अधिक देखणी असली, तरी आमच्या यंत्राची कुवत ओळखून मी सर्वांत हलकी असलेली एक्सएफसीई निवडली. प्रणाली सुरू होऊन नुसती बसलेली असताना सुमारे ८०० एमबी रॅम वापरते, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे पत्रे-हिशेबांचे सॉफ्टवेअर एकत्र उघडायला पुरेशी जागा उरते.

मिंट बसवण्यासाठी लागणारी सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घेणे हेच आमच्याकडे पहिले दिव्य ठरले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती दोनदा अर्ध्यात तुटली आणि तिसऱ्या वेळी पहाटे चार वाजता पूर्ण झाली. अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी आलेली फाइल धड आहे की नाही, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलची ६४ अक्षरांची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, दिलेली असते आणि विंडोजमध्येच एका आज्ञेने आपल्या फाइलची बेरीज काढता येते. दोन्ही जुळल्यावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती फाइल चढवण्याचे काम रुफस या मोफत साधनाने पाच-दहा मिनिटांत केले. नुसती कॉपी करून पेस्ट केल्यास त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही.

पुण्याला असलेल्या भाच्याने फोनवर बजावले होते, “मामा, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कला हात लावू नका.” या प्रणालीचा मला सर्वांत आवडलेला गुण तोच आहे. डिस्कवरील एकही अक्षर न बदलता संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. थोडी संथ चालते, पण वायफाय मिळते का, आवाज येतो का, पडद्याची मापे बरोबर बसतात का, हे सारे आधीच कळते. आमचे वायफाय कार्ड पहिल्या फटक्यात ओळखले गेले नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तेव्हा त्याने हवा तो ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, स्वतःच सुचवला. माझी चूक अशी झाली की, या उत्साहात प्रिंटर तपासायचा राहून गेला.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात तांत्रिक असे फारसे काही नाही. भाषा, कीबोर्ड, वायफाय, व्हिडिओ-गाण्यांसाठी लागणारे कोडेक हवेत का, अशी चार-पाच पाने पुढे सरकवायची असतात. जपून वाचावे असे एकच पान आहे, ते म्हणजे विंडोज राखून शेजारी मिंट बसवायचे की अख्खी डिस्क पुसायची, हे विचारणारे. मी सगळी छायाचित्रे व हिशेब बाहेरच्या डिस्कवर आधी उतरवून घेतले होते, म्हणून पुसण्याचा पर्याय निवडला. निम्म्याहून अधिक काम झाले असेल नसेल, तोच परतीच्या पावसाने एक गडगडाट केला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर घरातले दिवे व पंखे आहेत, संगणक नाही. अर्धवट बसलेली प्रणाली अर्थातच सुरू झाली नाही, पण पेनड्राइव्ह शाबूत असल्याने बिघडले काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी पडवीतून वायर ओढून संगणक इन्व्हर्टरवर घेतला आणि अर्ध्या तासात काम आटोपले. कोकणात हे काम करणाऱ्याने विजेची ही तजवीज आधीच करावी. त्यानंतर अचानक वीज जाण्याचे प्रसंग अनेकदा आले. मिंटची ईएक्सटी-फोर ही फाइलव्यवस्था डिस्कवरील बदलांची नोंद ठेवत असल्यामुळे पुढच्या वेळी संगणक निमूटपणे सुरू होतो. न जतन केलेले पत्र मात्र जाते ते जातेच.

मराठीच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. देवनागरी वाचण्यात काहीच अडचण नाही. कीबोर्डच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडून घेतले की टंकलेखनही लगेच सुरू होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेली, डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने अशी ही मांडणी एकदा बोटांत बसली की दुसरे काही नको वाटते. मेनूंचे मराठी भाषांतर मात्र अर्धेमुर्धे असल्याने मी मेनू इंग्रजीतच ठेवले. खरी कटकट झाली ती मंडळाच्या पंधरा वर्षांच्या पत्रव्यवहाराची. तो सारा युनिकोड हे सर्व संगणकांना समजणारे अक्षर-मानक रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला आहे, आणि अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरांची व चिन्हांची भेळ दिसते. जुनी फॉन्ट-फाइल संगणकावरील ‘होम’ फोल्डरमध्ये ठेवल्यावर पत्रे वाचता येऊ लागली, पण त्यात शोध घ्यायचा किंवा मजकूर दुसरीकडे न्यायचा तर रूपांतर करण्यावाचून गत्यंतर नाही. हे रूपांतर इंटरनेटवरील मोफत साधनांनी होते, तथापि रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, त्यामुळे प्रत्येक पत्र डोळ्यांखालून घालावे लागले. यात मिंटचा दोष धरता येणार नाही. हे काम विंडोजवरही कधी ना कधी करावेच लागले असते.

लेबले आणि हिशेब लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित चालतात. एक्सेलच्या फाइली उघडल्या आणि बेरजा जुळल्या, फक्त काही रकान्यांची रुंदी पुन्हा लावावी लागली. ज्यांचा हिशेब विंडोजसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला आहे किंवा ज्यांना कामासाठी डिजिटल सहीचे टोकन वापरावे लागते, त्यांनी डिस्क पुसण्याचा विचार सध्या तरी करू नये आणि विंडोज शेजारी राखावे. सुधारणांच्या बाबतीत मिंट सभ्य आहे. अपडेट मॅनेजर खुणावतो, पण काम चालू असताना आपणहून संगणक बंद करून पुन्हा सुरू करीत नाही, आणि मोजून डेटा वापरणाऱ्या घराला हे मोठे सुख आहे. टाइमशिफ्ट हे साधन प्रणालीची जुनी स्थिती परत आणते. मात्र आपल्या स्वतःच्या फाइली ते मुळात जपत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते.

राहता राहिला प्रिंटर. एका नामांकित कंपनीचा आमचा जुना लेझर प्रिंटर स्वतःच्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाही, आणि त्याचा लिनक्ससाठी असलेला जुना ड्रायव्हर या आवृत्तीवर चारपाच संध्याकाळी खर्चूनही चालला नाही. अलीकडचे, मोबाइलवरून थेट छापणारे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरविना चालतात. शेजाऱ्यांचा तसा प्रिंटर वायफायवर जोडताच मिंटने ओळखला. तूर्त मी लेबलांची पीडीएफ करून शृंगारतळीच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो आणि बाजाराच्या खेपेला कागद घेऊन येतो. हंगामाच्या ऐन धांदलीत हे परवडणार नाही, तेव्हा पहिली पेटी निघण्याआधी प्रिंटर बदलावा लागेल, आणि मिंट बसवण्यात झालेला खरा खर्च तेवढाच असेल.